तीन दिवसांचा कोर्स तीन दिवसांत संपत नाही

घसा धरला, अंग मोडून आलं, संध्याकाळी ताप चढला, की मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य ठरलेलं असतं : ‘अ‍ॅझिथ्रो पाचशे द्या, तीन गोळ्यांची पट्टी.’ कधी ते रुग्ण स्वतःहून म्हणतो, कधी दुकानदार सुचवतो, आणि कितीतरी वेळा ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच लिहिलेलं असतं. या सवयीची पाठराखण करणारे जो युक्तिवाद करतात तो ऐकायला समंजस वाटतो. औषध सौम्य आहे, पोटाला फार त्रास देत नाही, पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यालाही चालतं. दिवसाला एकच गोळी, तीन दिवसांत काम खलास, म्हणजे कोर्स अर्धवट सुटण्याची भीती नाही. ताप जिवाणूंचा असेल तर बरा होईल, विषाणूंचा असेल तर बिघडलं काय? या युक्तिवादाला मला उत्तर द्यायचं आहे. तो करणारे अडाणी नाहीत, त्यात अनेक अनुभवी डॉक्टर आहेत, आणि त्यातली बहुतेक विधानं सुटी सुटी तपासली तर खरीही निघतात. घोळ शेवटच्या प्रश्नात आहे. ज्या गुणामुळे हे औषध तीन दिवसांत आटोपतं, नेमका तोच गुण त्याच्या उधळपट्टीला घातक करतो. आणि त्याची किंमत गोळी घेणाऱ्यापेक्षा, ज्याच्यासाठी तोंडाने घेण्याजोगं दुसरं औषध उरलेलं नाही अशा कुणाला तरी मोजावी लागते.

हा गुण कुठून आला ते आधी पाहायला हवं. अ‍ॅझिथ्रो ज्या मॅक्रोलाइड गटात मोडतं, त्यातलं पहिलं प्रसिद्ध औषध म्हणजे एरिथ्रोमायसिन. फिलिपिन्समधल्या इलोइलो इथल्या मातीच्या नमुन्यातल्या एका सूक्ष्म जीवापासून ते मिळालं आणि १९५२ साली बाजारात आलं. औषध गुणी, पण जठरातल्या आम्लात टिकत नसे, दिवसातून तीन-चार वेळा घ्यावं लागे आणि पोटात कळा आणी. १९८० साली झाग्रेबमध्ये, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या प्लिव्हा कंपनीच्या प्रयोगशाळेत, स्लोबोदान जोकिच यांच्या गटाने एरिथ्रोमायसिनच्या चौदा अणूंच्या कड्यात एक नायट्रोजनचा अणू बसवला. कडं पंधरा अणूंचं झालं, अ‍ॅझिथ्रोमायसिन तयार झालं, आणि औषधाचा स्वभावच पालटला. आम्लात ते टिकू लागलं. रक्तात फार वेळ न रेंगाळता ते पेशींच्या आत शिरून साठू लागलं, त्यातही जंतूंच्या मागावर असलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये, म्हणजे संसर्ग जिथे असेल तिथे औषध जणू वाहून नेलं जातं. काम मात्र जुनंच राहिलं : जिवाणूच्या रायबोसोममध्ये नवं प्रथिन ज्या बोगद्यातून बाहेर पडतं त्याच्या तोंडाशी जाऊन बसायचं आणि प्रथिन बनणं थांबवायचं. पेशींत साठलेलं हे औषध अतिशय सावकाश बाहेर झिरपतं. शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे अडुसष्ट तास लागतात, म्हणजे जवळपास तीन दिवस. तिसरी गोळी गिळून पट्टी केराच्या टोपलीत टाकली, तरी तीन दिवसांनी निम्मं, सहा दिवसांनी पाव, नऊ दिवसांनी दोन आणे असा हिशेब पुढे दोन आठवडे चालू राहतो. म्हणून तर तीन गोळ्या पुरतात! गोळ्यांचा कोर्स तीन दिवसांचा असतो, औषधाचा नव्हे.

आता या लांबलेल्या शेपटीचा विचार करा. सुरुवातीला औषध भरपूर असतं तेव्हा संवेदनशील जिवाणू मरतात किंवा निपचित पडतात. नंतरच्या दिवसांत औषध इतकं पातळ होतं, की कणखर जिवाणूंचं त्याने काही बिघडत नाही, पण नाजूक जिवाणूंना डोकं वर काढता येत नाही. प्रतिकारक जिवाणूंना वाढायला याहून सोयीचं वातावरण मुद्दाम करायचं म्हटलं तरी करता येणार नाही. हे कागदावरचं गणित नाही, माणसांवर तपासून पाहिलेलं आहे. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात २२४ निरोगी स्वयंसेवकांना अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा नुसती बिनऔषधी गोळी दिली गेली. कोणाला काय मिळालं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही नव्हतं. त्यांच्या घशातल्या स्ट्रेप्टोकोकाय जिवाणूंमध्ये मॅक्रोलाइडला दाद न देणाऱ्यांचं प्रमाण औषध घेतलेल्यांत काही दिवसांतच सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढलं, आणि एकशे ऐंशी दिवस उलटून गेल्यावरही ते पूर्वपदावर आलेलं नव्हतं. ही माणसं आजारी नव्हती. तापात उगाच अ‍ॅझिथ्रो घेणारा माणूस जिवाणूंच्या दृष्टीने अगदी असाच असतो : मारण्याजोगा शत्रू नाही, आणि औषध मात्र पोटात. ‘बिघडलं काय?’ याचं पहिलं उत्तर हे, की पुढचे सहा महिने तुमचा घसा प्रतिकारक जिवाणूंचं घर होऊन बसतो, आणि त्याच घशाने तुम्ही घरातल्या लेकराशी बोलता, म्हाताऱ्या आईला भरवता.

यावर अनुभवाचा दाखला दिला जातो. ‘आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना तिसऱ्या दिवशी उतार पडतो, हे आम्ही रोज पाहतो.’ मला हा दाखला खोटा वाटत नाही. पण तो कशाचा दाखला आहे? मार्च २०२३ मध्ये, देशभर एच-३-एन-२ फ्लूची साथ चालू असताना, इंडियन मेडिकल असोसिएशनने एक सूचना काढली. ताप साधारण तीन दिवसांत जातो, खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो, आणि लोक अ‍ॅझिथ्रोमायसिन, अमॉक्सिक्लॅव यांसारखी प्रतिजैविकं मनाने घेत आहेत, ते थांबवा, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं होतं. यातला तापाचा आकडा गोळ्यांच्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. विषाणूचा ताप तीन दिवसांचा, आणि गोळ्या तीन. ज्या दिवशी तिसरी गोळी जाते त्याच दिवशी ताप उतरतो, आणि श्रेय गोळीला मिळतं. सात दिवसांची औषधं असती तर तिसऱ्या दिवशीच बरं वाटलेल्या रुग्णाला निदान शंका तरी आली असती, की मग हे उरलेलं कशासाठी? अ‍ॅझिथ्रोच्या बाबतीत ती शंका येण्याची सोयच नाही. माझ्या मते या औषधाच्या लोकप्रियतेचं अर्धं गुपित या योगायोगात आहे. डॉक्टरांचा अनुभवही याच योगायोगावर पोसला जातो, कारण औषध न देता घरी पाठवलेला तोच रुग्ण तिसऱ्या दिवशी कसा असता, हे त्यांना कधी पाहायलाच मिळत नाही.

घसादुखी जिवाणूंची असेल तेव्हाही हे औषध पहिल्या पसंतीचं नाही, हे इथे सांगून टाकलं पाहिजे. घशाला सूज आणणारा आणि पुढे संधिवाताच्या तापातून हृदयाच्या झडपांपर्यंत पोचू शकणारा स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिस हा जिवाणू सत्तर-ऐंशी वर्षांनंतर आजही पेनिसिलिनपुढे नांगी टाकतो. मॅक्रोलाइडला मात्र तो जगभर ठिकठिकाणी जुमानेनासा झाला आहे. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी नसेल तर साधं, स्वस्त अमॉक्सिसिलिन सोडून अ‍ॅझिथ्रोकडे धावायला वैद्यकीय कारण नाही.

मग किंमत नेमकी कोण मोजतो? टायफॉइडकडे पाहा. आपल्याकडे या विषमज्वराने दरवर्षी काही हजार माणसं दगावतात, आणि त्याची सर्वाधिक झळ मुलांना बसते. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, कोट्रायमोक्साझोल ही जुनी औषधं १९९०च्या सुमारास निष्प्रभ होत गेली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, सर्दी-खोकल्यापासून जुलाबापर्यंत सगळ्याला वापरलं गेलं, आणि आज भारतातल्या टायफॉइडच्या जिवाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. राहिली तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन. पाकिस्तानात सिंध प्रांतातल्या हैदराबाद शहरात २०१६च्या अखेरीस अशी साथ सुरू झाली, की जिच्यातल्या जिवाणूवर सेफॅलोस्पोरिनही चालेना. तोंडाने घेण्याजोगं एकच औषध उरलं : अ‍ॅझिथ्रोमायसिन. ते लागू पडलं नाही तर कार्बापेनेमची इंजेक्शनं, म्हणजे रुग्णालयात भरती, शिरेत सुई आणि कितीतरी पट खर्च. सेफॅलोस्पोरिनला न जुमानणारे टायफॉइडचे जिवाणू मुंबईतल्या रुग्णांतही सापडले आहेत. आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनचा बचाव किती पातळ आहे हे बांगलादेशातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्यांनी १,०८२ नमुने तपासले, त्यांतल्या तेरांवर अ‍ॅझिथ्रो चालत नव्हतं, आणि कारण होतं जिवाणूच्या एका पंपातला एकच बदल. पेशीत शिरलेलं औषध बाहेर फेकणारा हा पंप, आणि त्याच्या हजाराहून अधिक दुव्यांच्या साखळीतला एक दुवा बदलला, की औषध आत टिकत नाही. नंतर हाच बदल भारतात, नेपाळात, पाकिस्तानात स्वतंत्रपणे घडलेला आढळला. तेरा हा आकडा लहान आहे. अजून वेळ आहे, असा त्याचा अर्थ मी घेतो. पण सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीतही एके काळी आकडा लहानच होता.

टायफॉइडशी या तीन गोळ्यांचं आणखी एक वैर आहे, आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. टायफॉइडला अ‍ॅझिथ्रो लागतं ते साधारण सात दिवस, वजनाच्या हिशेबाने, बऱ्यापैकी मोठ्या मात्रेत, आणि तरीही ताप उतरायला चार-पाच दिवस किंवा जास्तही लागतात. ज्या मुलाला खरोखर टायफॉइड आहे त्याला पहिल्या-दुसऱ्या दिवशी ‘व्हायरल असेल’ म्हणून तीन दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या, तर आजार बरा होत नाही, पण रक्तातले जिवाणू इतके कमी होतात, की नंतर रक्ताच्या कल्चरमध्ये ते उगवतच नाहीत. मग निदानासाठी उरते ती विडाल चाचणी, जी पूर्वीच्या संसर्गानेही होकार देते आणि खऱ्या टायफॉइडमध्ये नकारही देते. त्या संशयावर दुसरं प्रतिजैविक, मग तिसरं. ‘जिवाणूंचा असेल तर बरा होईल’ हे विधान इथे पार कोसळतं. जिवाणूंचा असेल तर तो पुरता बरा होत नाही, आणि ओळखूही येईनासा होतो.

सुरक्षिततेबद्दल मी भीती घालणार नाही. बहुसंख्य लोकांना हे औषध सोसतं, थोडी मळमळ, थोडे जुलाब यापलीकडे काही होत नाही. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला एक मोठा अभ्यास आला. अमॉक्सिसिलिनच्या तुलनेत अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या दर दहा लाख कोर्समागे हृदयविकाराने सत्तेचाळीस मृत्यू जास्त झाले, आणि आधीपासून हृदयाचा धोका सर्वाधिक असलेल्या गटात हा आकडा दोनशे पंचेचाळीस होता. औषध हृदयाच्या विजेच्या लयीत एक टप्पा लांबवतं, त्यातून क्वचित जीवघेणी लय निर्माण होते. २०१३च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिला. त्याच वर्षी डेन्मार्कमधला अभ्यास आला, आणि त्यात तरुण व मध्यमवयीन सर्वसाधारण लोकांमध्ये पेनिसिलिनच्या तुलनेत असा जास्तीचा धोका दिसला नाही. अ‍ॅझिथ्रोचे समर्थक या दुसऱ्या अभ्यासाकडे बोट दाखवतात, आणि दाखवावंच. दोन्ही अभ्यास खरे असण्यात विसंगती नाही. धडधाकट माणसाला धोका नगण्य, दुबळ्या हृदयाच्या माणसाला तो खरा. प्रश्न असा, की काउंटरवर पट्टी देताना समोरच्याचं हृदय कसं आहे हे विचारतं कोण? आपल्याकडच्या चिठ्ठीत तर अ‍ॅझिथ्रोच्या शेजारी उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन किंवा डॉमपेरिडोन सर्रास असतं, आणि ही दोन्ही औषधं लयीचा तोच टप्पा लांबवतात. त्यात जुलाबांनी पोटॅशियम उतरलेलं, त्यात साठी उलटलेली. सत्तेचाळीस हा आकडा दहा लाखांत लहानच आहे, पण तो फायद्याशी तोलायचा असतो. न्यूमोनिया झालेल्याने हा धोका पत्करावा. सर्दी झालेल्याच्या पारड्यात दुसऱ्या बाजूला ठेवायला काहीच नाही. अगदी तान्ह्या, सहा आठवड्यांच्या आतल्या बाळांत मॅक्रोलाइडने जठराचं तोंड आवळलं जाण्याचा धोका वाढतो, हेही ‘सौम्य’ म्हणताना लक्षात असावं. डांग्या खोकल्यात तो धोका पत्करूनही औषध द्यावं लागतं, नुसत्या शिंकांसाठी नाही.

जाणकार मंडळी इथे अधिक सूक्ष्म मुद्दा काढतात. अ‍ॅझिथ्रो केवळ जिवाणू मारत नाही, श्वासमार्गातली सूजही कमी करतं, म्हणून विषाणूच्या खोकल्यातही त्याचा उपयोग आहे, असं ते म्हणतात. मुद्द्याचा पूर्वार्ध खरा आहे. श्वासनलिकांच्या जुनाट विकारात, सीओपीडीत, काही दमेकऱ्यांत महिनोन्‌महिने दिलेल्या अ‍ॅझिथ्रोने आजार उफाळण्याचं प्रमाण घटतं, असं चांगल्या चाचण्यांत दिसलं आहे. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ऐकू येण्याची आणि हृदयाच्या आलेखाची तपासणी करत दिलं जातं. त्यावरून तीन दिवसांत तीन गोळ्यांनी विषाणूची सूज ओसरते असं ठरत नाही. आणि हा तर्क तपासायची संधी जगाला मिळाली होती, फार मोठ्या किमतीला. मार्च २०२०मध्ये फ्रान्समधल्या मार्सेहून एक अभ्यास आला. जेमतेम छत्तीस कोविड रुग्ण, त्यातल्या सहा जणांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विनबरोबर अ‍ॅझिथ्रो दिलेलं. तेवढ्यावर जग धावलं, आणि आपल्या केंद्र सरकारच्या सुरुवातीच्या काळातल्या उपचारपद्धतीतही ही जोडी काही काळ होती. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत साडेसात हजारांहून अधिक रुग्णांवर तपासलं, तेव्हा अ‍ॅझिथ्रो मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण तंतोतंत सारखं निघालं, दोन्हीकडे बावीस टक्के. घरीच राहून बरे होणाऱ्यांवरच्या प्रिन्सिपल चाचणीतही फायदा दिसला नाही. मार्सेचा तो अभ्यास डिसेंबर २०२४मध्ये मागे घेतला गेला. पण तोवर आपल्याकडे जून ते सप्टेंबर २०२० या चारच महिन्यांत, एरवीच्या खपापेक्षा अंदाजे तीन कोटी ऐंशी लाख मात्रा अ‍ॅझिथ्रोमायसिन जास्त खपलं होतं. सूज उतरवणाऱ्या गुणाचा विषाणूविरुद्ध उपयोग असता, तर तो इथे दिसायला हवा होता.

आफ्रिकेचा दाखलाही दिला जातो. नायजर, मलावी आणि टांझानियात लहान मुलांना सरसकट, वर्षातून दोनदा अ‍ॅझिथ्रोमायसिन पाजलं, आणि बालमृत्यू साडेतेरा टक्क्यांनी घटले. २०१८ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष खरा आहे, आणि तो वाचून मन हेलावतं. मग आपल्याकडेच एवढी कंजुषी का? एक तर फायदा मुख्यतः नायजरमध्ये दिसला, जिथे मुलांच्या मृत्यूचं प्रमाण भयानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शिफारस केली तीही अटी घालून : हजारी साठांहून जास्त अर्भकमृत्यू असलेल्या भागांत, एक ते अकरा महिन्यांच्या बाळांना, प्रतिकारावर नजर ठेवून. त्याच वर्षीच्या नमुना नोंदणी पाहणीत भारताचा अर्भकमृत्यू दर हजारी अठ्ठावीस आणि महाराष्ट्राचा सोळा होता. दुसरं म्हणजे त्याच नायजरमधल्या मुलांच्या आतड्यांत मॅक्रोलाइडला दाद न देणारी जनुकं वाढल्याचं पुढे मोजलं गेलं. किंमत तिथेही मोजली गेली, फक्त ती जीव वाचवण्याच्या बदल्यात मोजली गेली. आणि लहान मुलांच्या पाण्यासारख्या जुलाबांत अ‍ॅझिथ्रो देऊन पाहिलेल्या सात देशांतल्या चाचणीत, ज्यात भारतही होता आणि आठ हजारांहून अधिक मुलं होती, मृत्यू कमी झाले नाहीत. ओआरएस आणि झिंक यांची जागा कुठलीही गोळी घेऊ शकली नाही.

हे औषध वाईट आहे असा माझ्या लिहिण्याचा अर्थ कोणी काढू नये. ते फार मोलाचं आहे, आणि त्याची सर्वांत बोलकी साक्ष आपल्याच भागातली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सात देशांतल्या एकोणतीस हजारांहून अधिक बाळंतिणींचा समावेश होता, आणि नागपूर व बेळगाव ही तिची भारतातली केंद्रं होती. प्रसूतिकळा सुरू झाल्यावर तोंडाने अ‍ॅझिथ्रोची एकच, दोन ग्रॅमची मात्रा दिली, तेव्हा आईला रक्तात जंतुसंसर्ग होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. बाळांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. किंवा विदर्भातला स्क्रब टायफस घ्या. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याने माणसं दगावली. गवतातला, झुडपातला चिगर नावाचा बारीकसा जीव चावतो. बहुतेकदा काखेत, जांघेत, कंबरपट्ट्याखाली, म्हणजे जिथे कोणी सहज पाहत नाही तिथे, विडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते, भोवती लालसर कडा. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. डॉक्टरने सदरा काढायला लावून पाहिलं तरच ती सापडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या चाचणीत, गंभीर स्क्रब टायफस झालेल्या जवळपास आठशे रुग्णांत डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन शिरेतून एकत्र देणं हे दोहोंपैकी एकटं देण्यापेक्षा सरस ठरलं. मुंबईत पाणी तुंबलं की लेप्टोच्या प्रतिबंधासाठी महापालिका ज्यांना डॉक्सिसायक्लिन चालत नाही अशा गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना अ‍ॅझिथ्रोच सुचवते. हे सगळे या औषधाचे खरे हक्कदार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला ‘जपून वापरायच्या’ गटात टाकलं ते यांच्यासाठी. आणि आपण काय केलं? २०१९ साली भारतातल्या खासगी बाजारात प्रतिजैविकांच्या ज्या सुमारे ५०७ कोटी दैनंदिन मात्रा खपल्या, त्यांत पहिला क्रमांक अ‍ॅझिथ्रोमायसिन पाचशेच्या गोळीचा होता, अडतीस कोटींहून अधिक मात्रा. जपून वापरायचं औषध आपल्याकडे सर्वांत जास्त वापरलं गेलं.

एका आक्षेपापुढे मात्र मी थांबतो, कारण तो पोटाचा आहे. रोजावर जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी परत दाखवायला येऊ शकत नाही. रक्ताच्या कल्चरचे पैसे त्याच्याकडे नाहीत, तालुक्याला ती सोय नाही. अशा माणसाला ‘थांबून पाहू’ म्हणणं हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा उपदेश आहे, असं डॉक्टर म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे, पण त्यांचा निष्कर्ष मला उलटा वाटतो. तोंडाने घेण्याची औषधं संपतात तेव्हा पहिला आणि सर्वांत मोठा फटका याच माणसाला बसतो. ज्याच्याकडे विमा आहे तो कार्बापेनेमसाठी भरती होईल. रोजावरचा माणूस दहा दिवस शिरेतून औषध घेत खाटेवर पडू शकत नाही. आज त्याच्या सर्दीवर घालवलेल्या तीन गोळ्या उद्या त्याच्या मुलाच्या टायफॉइडच्या असतात. आणि थांबून पाहणं म्हणजे रिकाम्या हाताने पाठवणं नव्हे. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि एका कागदावर मराठीत चार ओळी : ताप चौथ्या दिवशीही राहिला, श्वास लागला, लघवी कमी झाली, ग्लानी आली किंवा अंगावर ठिपके दिसले, तर लगेच या. हे लिहायला गोळीचं नाव लिहिण्यापेक्षा दोन मिनिटं जास्त लागतात. गर्दीच्या दवाखान्यात ती दोन मिनिटं जड जातात, हे मान्य. तरी ती काढायला हवीत.

कायद्याचं म्हणाल, तर अ‍ॅझिथ्रोच्या पट्टीमागे उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय विकू नये, घेऊ नये, अशी ती खूण. २०१४ साली लागू झालेल्या एच-१ यादीत तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन घातली गेली. त्यांच्या विक्रीची, डॉक्टरच्या आणि रुग्णाच्या नावासह, वेगळी नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. अ‍ॅझिथ्रोमायसिन त्या यादीत घातलं गेलं नाही, साध्या एच यादीतच राहिलं. सर्वांत जास्त खपणाऱ्या प्रतिजैविकाला नोंदवहीतून सूट का, याचं समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेलं नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यांचा प्रश्न नोंदवहीने सुटणार नाही, हे खरं. पण जुलै महिन्यात कोणत्या तालुक्यात किती पट्ट्या गेल्या एवढं जरी दिसलं, तरी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला कुठे जाऊन बोलायचं ते कळेल. आणि गरज मुळातच कमी करता येते, हे आपल्याच राज्यात करून दाखवलेलं आहे. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने टायफॉइडची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेतून दिली. सरकारी यंत्रणेने अशी मोहीम हाती घेण्याची जगातली ती पहिलीच वेळ होती, आणि पहिल्या टप्प्यातच एक लाखाहून अधिक मुलांनी दंड पुढे केला. त्या मुलांपैकी ज्याला टायफॉइड झालाच नाही, त्याच्यासाठी एकही गोळी खर्ची पडली नाही. ज्या शहरांत आणि गावांत ही लस अजून पोचलेली नाही तिथे ताप न उतरणारं मूल दवाखान्यात येईल, तेव्हा पहिली गोळी देण्याआधी त्याच्या दंडातून कल्चरच्या बाटलीत थोडं रक्त घेतलं जावं, आणि मग सात दिवसांचं अ‍ॅझिथ्रो सुरू करायची वेळ आली तर ते लागू पडावं.